गाडी चालवताना मेसेज करणाऱ्याने चलान भरले, म्हणजे प्रकरण मिटले का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तीन आठवड्यांपूर्वी संगमनेरजवळ तुमचा धाकटा भाऊ मोटारसायकलवरून घरी येत होता. गतिरोधकापाशी त्याने वेग कमी केला आणि मागून आलेल्या कारने त्याला उडवले. पायाची दोन्ही हाडे मोडली, रॉड टाकावा लागला. कारवाला खाली उतरला तेव्हा फोन त्याच्या हातातच होता आणि ‘मेसेज टाकत होतो, दिसलंच नाही’ असे तो चार लोकांसमोर बोलून गेला. आता तोच म्हणतो की मोबाइलचे चलान भरून झाले, विषय संपला. त्यातच विमा कंपनीचा माणूस घरी येऊन भावाच्या कानात इयरफोन होते का, अशी चौकशी करून गेला. आणि तुम्ही विचारता की गाडी चालवताना मेसेज करण्याविरुद्ध आपल्याकडे खरोखर कायदा आहे का, आणि असला तर तो तुमच्या भावाच्या काही उपयोगाचा आहे का.

कायदा आहे आणि तो चांगला कडक आहे. विषय मात्र चलानाने संपत नाही. मी पंचवीस वर्षे मोटार अपघात दावे चालवतो आहे, दोन्ही बाजूंनी उभा राहिलो आहे, आणि या एका गोष्टीबद्दल मला फार पोटतिडकीने सांगावेसे वाटते. दारू प्यायलेला माणूस असेल तर वास येतो, रक्ताचा नमुना घेता येतो. वेगात असेल तर ब्रेकच्या खुणा रस्त्यावर उमटतात. मेसेज करणारा माणूस मात्र फोन खिशात टाकतो आणि पुढच्या क्षणी तो तुमच्या-माझ्यासारखाच दिसतो. त्यामुळे या गुन्ह्यात सगळे काही पहिल्या काही आठवड्यांवर अवलंबून असते. तुमचे तीन आठवडे गेले आहेत. म्हणून कलमे नंतर सांगतो, आधी उद्या सकाळी काय करायचे ते ऐका.

तपासी अंमलदाराच्या नावाने साध्या मराठीत एक लेखी अर्ज द्या. त्यात आधी या चार मागण्या असू द्या. कारचालकाच्या मोबाइलचा सीडीआर, म्हणजे कॉलचा तपशील, मागवावा. त्याचा फोन ताब्यात घेऊन न्यायसहायक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळेकडे पाठवावा. आजूबाजूच्या हॉटेल, पेट्रोल पंप आणि टोलनाक्याचे सीसीटीव्ही चित्रण जपावे. आणि ज्यांच्यासमोर तो बोलला त्या चौघांचे जबाब घ्यावेत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोलीस ठाण्याचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून हलू नका. तीच प्रत पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा. आणि त्याच दिवशी स्वतः ढाब्यावर, पंपावर जाऊन मालकाला हात जोडून सांगा की चित्रण पुसू नका. पोलिसांचे पत्र येईपर्यंत थांबलात तर ते राहणार नाही. काही ठिकाणी आठवड्यात, काही ठिकाणी महिन्याभरात जुन्या चित्रणावर नवे चढते. तुमच्या बाबतीत कदाचित अजून वेळ आहे.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचे कलम १८४ हे धोकादायकपणे वाहन चालवण्याचे कलम. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने या कलमाला एक स्पष्टीकरण जोडले गेले आणि त्यात कोणत्या गोष्टी धोकादायक चालवणे समजल्या जातील याची यादी दिली. लाल दिवा तोडणे, उलट दिशेने गाडी घालणे यांच्याच पंगतीत ‘हातात धरायच्या संपर्क साधनाचा वापर’ बसला. शिक्षा पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत तोच गुन्हा पुन्हा केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

त्या दुरुस्तीचे मोल कळायचे असेल तर आधी काय होते ते पाहा. जुन्या कलम १८४ मध्ये मोबाइलचे नावच नव्हते. नियमांमध्ये लायसन्स रोखण्याच्या कारणांत मोबाइल होता, पण कोर्टात फौजदारी खटला उभा करायचा तर फोनमुळे लोकांना प्रत्यक्ष धोका झाला हे वेगळे दाखवावे लागे. केरळ उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिथल्या पोलीस कायद्याच्या एका कलमाबाबत असाच निकाल दिला होता, की गाडी चालवताना फोनवर बोलणे एवढ्यानेच गुन्हा होत नाही, लोकांच्या सुरक्षिततेला धोका निर्माण झाल्याचे दिसले पाहिजे. त्या निकालाच्या बातम्या त्या वेळी ‘फोनवर बोलायला परवानगी मिळाली’ अशा अर्थाने फिरल्या आणि अजूनही कुणी ना कुणी पक्षकार मोबाइलवर ती बातमी उघडून माझ्यासमोर धरतो. ती जुनी झाली. आता कायदाच म्हणतो की हातातला फोन वापरणे म्हणजे धोकादायक चालवणे. धोका वेगळा सिद्ध करायची गरज उरलेली नाही.

‘मेसेज’ हा शब्द कलमात नाही, याने गोंधळू नका. कलमात ‘वापर’ आहे, आणि तो शब्द मुद्दाम मोठा आहे. ब्रिटनचे उदाहरण मी माझ्या ज्युनिअरांना नेहमी सांगतो. तिथे २००३ पासून बंदी होती, पण नियमाची भाषा अशी होती की फोनवरून संवाद चालू असला तरच तो लागू व्हावा. एका माणसाने गाडी चालवता चालवता रस्त्यावरच्या अपघाताचे चित्रण केले. २०१९ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने म्हटले की हा संवाद नव्हे, नियमात बसत नाही. ती फट बुजवायला २५ मार्च २०२२ उजाडावे लागले. आता तिथे हातात फोन धरून काहीही केले तरी दोनशे पौंड दंड आणि लायसन्सवर सहा पॉइंट, म्हणजे दंडाचे गुण. आपल्या कलमात ती फट पहिल्यापासून नाही. व्हॉट्सअॅप टाइप केले, रील पाहिले, फोटो काढला, नुसता आलेला मेसेज वाचला, सगळे त्यात येते.

तुमचा कारवाला वकील गाठेल तेव्हा त्याचा पहिला बचाव बहुधा हा असेल: ‘मेसेज नव्हता, मॅप बघत होतो.’ तसे म्हणायला त्याला आधार आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत अशी तरतूद आहे की हातातले साधन केवळ रस्ता शोधण्यासाठी वापरता येईल. पण त्याच वाक्यात पुढे लिहिले आहे की ते चालकाची एकाग्रता भंग होणार नाही अशा रीतीने वापरायचे. लोक पहिला अर्धा भाग वाचतात. समोर गतिरोधक आहे, मोटारसायकल हळू झाली आहे, मागचा दिवा लागला आहे आणि तरीही तुम्ही जाऊन धडकलात, तर एकाग्रता भंग झाली नव्हती हे कोणत्या तोंडाने सांगणार? शिवाय चार माणसांसमोर ‘मेसेज टाकत होतो’ म्हणणारा नंतर मॅप म्हणाला तर उलटतपासणीत तो टिकत नाही. पण त्यासाठी त्या चौघांचे जबाब आत्ता कागदावर हवेत. पोलिसांसमोर त्याने काही कबूल केले असेल तर फौजदारी खटल्यात ते त्याच्याविरुद्ध चालत नाही. रस्त्यावरच्या लोकांसमोर जे बोलला ते चालते. हा फरक फार मोठा आहे.

साक्षीदार घाबरतात, हे मला माहीत आहे. ‘कोर्टाच्या फेऱ्या कोण मारणार’ हे वाक्य मी किती वेळा ऐकले याची मोजदाद नाही. त्यांना सांगा की जखमीला मदत करणाऱ्यासाठी याच कायद्यात कलम १३४ अ आहे. सद्भावनेने केलेल्या मदतीसाठी त्याला जबाबदार धरता येत नाही आणि साक्षीदार व्हायचे की नाही हे त्याच्या मर्जीवर आहे. मर्जीवर आहे म्हणूनच तुम्ही स्वतः जाऊन, त्यांच्या घरी बसून, चहा घेऊन विनंती करायची. भावाला उचलून रिक्षात घालणारी माणसे ती. ती नाही म्हणत नाहीत, फक्त त्यांना कुणी नीट विचारलेले नसते.

आता चलानाचे. चलान भरणे म्हणजे कायद्याच्या भाषेत कलम २०० खाली गुन्ह्याची तडजोड करणे. राज्य सरकार तडजोडीची रक्कम ठरवते. महाराष्ट्राने वाढीव रकमा डिसेंबर २०२१ मध्ये जाहीर केल्या. रक्कम भरली की ‘त्या गुन्ह्याबाबत’ पुढची कारवाई थांबते. हे दोन शब्द अधोरेखित करून ठेवा. त्या गुन्ह्याबाबत म्हणजे कलम १८४ बाबत. तुमच्या भावाचे हाड मोडले, हा वेगळा गुन्हा आहे आणि तो भारतीय न्याय संहितेत, म्हणजे नव्या दंड संहितेत, येतो. निष्काळजीपणाच्या कृत्याने गंभीर दुखापत केली तर कलम १२५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापतच आहे. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे गाडी चालवल्याचे कलम २८१ आणखी वेगळे. आणि देव न करो, मृत्यू झाला असता तर कलम १०६, पाच वर्षांपर्यंत कैद. जुन्या दंड संहितेच्या ३०४ अ मध्ये ती दोनच वर्षे होती.

मोटार वाहन कायद्यात स्वतंत्र शिक्षा आहे म्हणून दंड संहितेची कलमे लावता येत नाहीत, असा युक्तिवाद काही वर्षे चालला होता. गुवाहाटी उच्च न्यायालयाने तो मान्यही केला होता. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये अरुणाचल प्रदेश राज्य विरुद्ध रामचंद्र रबीदास या प्रकरणात तो फेटाळला. दोन्ही कायदे आपापल्या जागी स्वतंत्र आहेत, दोन्हींखाली खटला चालू शकतो. तेव्हा चलानाची पावती दाखवून कुणी ‘मिटलं’ म्हणत असेल तर ती पावती उलट जपून ठेवा, जमल्यास तिची प्रत मिळवा. चलानावर मोबाइल वापराचा उल्लेख असेल, तारीख-वेळ असेल आणि त्याने ती रक्कम निमूटपणे भरली असेल, तर भरपाईच्या दाव्यात माझ्या हाताला लागणारा तो पहिला कागद आहे. त्याच्या एकट्याच्या जोरावर दावा उभा राहणार नाही, पण चार जबाबांच्या शेजारी ठेवल्यावर त्याचे वजन वाढते.

चलान भरूनही लायसन्सची कारवाई सुटत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते. कलम २०० मध्येच म्हटले आहे की तडजोड झाली तरी कलम २०६ पोटकलम ४ खालची कार्यवाही चालू राहील. म्हणजे काय, तर कलम १८४ चा गुन्हा झाला असे वाटले की पोलिसाने चालकाचे लायसन्स ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवायचे. आरटीओने त्याचे म्हणणे ऐकून पहिल्या वेळी तीन महिन्यांसाठी अपात्र ठरवायचे आणि दुसऱ्या वेळी लायसन्स रद्द करायचे, असे कलम १९ सांगते. याचे मूळ जुने आहे. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या, न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन यांच्या रस्ता सुरक्षा समितीने ऑगस्ट २०१५ मध्येच राज्यांना कळवले होते की मोबाइलवर बोलत गाडी चालवणाऱ्याचे लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा. कागदावर हे सगळे आहे. प्रत्यक्षात लायसन्स आरटीओपर्यंत पोचते का, याचा पाठपुरावा पीडिताच्या घरच्यांनीच करावा लागतो. तोही एक अर्ज द्या.

आणि हे केवळ सूड म्हणून नाही. यातला एक धागा माझ्या मते या सगळ्या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. आपल्याकडे चालक फोन वापरत होता म्हणून विमा कंपनी तिसऱ्या व्यक्तीची, म्हणजे तुमच्या भावाची, भरपाई नाकारू शकत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये कंपनीला मिळणारे बचाव मोजके आहेत. त्यात दारू-अमली पदार्थ आहेत, लायसन्स नसणे आहे. मोबाइल नाही. त्यामुळे ‘फोनवर होता, आता विमा मिळणार नाही’ अशी भीती कुणी घातली तर दुर्लक्ष करा. पण त्याच यादीत ‘अपात्रतेच्या काळात गाडी चालवणारा’ हा बचाव आहे. म्हणजे मेसेज करताना पकडला गेला, तीन महिन्यांसाठी अपात्र ठरला आणि त्या तीन महिन्यांत ‘जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो’ म्हणून गाडी बाहेर काढून कुणाला धडकला, तर न्यायाधिकरण, म्हणजे मोटार अपघातांचे भरपाई दावे चालवणारे कोर्ट, कंपनीला भरपाई द्यायला लावू शकते आणि मग ती सगळी रक्कम गाडीमालकाकडून वसूल करायची मुभा देते. जन्मभराची कमाई त्यात जाऊ शकते. रस्त्यावरच्या दंडाच्या आकड्यावर लोक चर्चा करतात, या गोष्टीवर कुणीच करत नाही. तुमचा कारवाला आधी कधी अपात्र ठरला होता का, त्याचे लायसन्स अपघाताच्या दिवशी वैध होते का, हे आरटीओकडून काढून घ्या.

आता पुराव्याचे बारकावे. इथे थोडा जास्त वेळ घेतो, कारण दावे जिंकले-हरले जातात ते इथेच.

सीडीआर मागितला की झाले, असे अनेक पोलिसांना आणि खरे सांगायचे तर अनेक वकिलांनाही वाटते. सीडीआरमध्ये आलेले-गेलेले कॉल आणि साधे एसएमएस सेकंदासह दिसतात, कोणत्या टॉवरखाली फोन होता तेही कळते. पण व्हॉट्सअॅपचा मेसेज हा इंटरनेटवरून जातो. तो सीडीआरमध्ये उमटत नाही. इंटरनेट वापराचा वेगळा तपशील मागवला तरी त्यात एवढेच दिसते की त्या वेळी डेटा चालू होता, आणि तो तर खिशातल्या फोनचाही आपोआप चालू असतो. मग मेसेज सिद्ध कसा करायचा? एक तर फोन प्रत्यक्ष ताब्यात घेऊन त्याची तपासणी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या नव्या कायद्याच्या, कलम ९४ मध्ये आता संपर्क साधने हजर करायला लावण्याचा स्पष्ट उल्लेख आहे, पोलिसांना ‘आम्हाला अधिकार नाही’ असे म्हणता येणार नाही. आणि दुसरा मार्ग, ज्याचा विचार सहसा कुणी करत नाही: मेसेज दुसऱ्या टोकाला कुणाला तरी मिळालेला असतो. पाठवणाऱ्याने पुसला तरी मिळणाऱ्याच्या फोनमध्ये तो वेळेसह राहू शकतो. एका दाव्यात चालकाने आपला फोन ‘हरवला’ असे सांगितले होते. त्याच्याच कामाच्या ग्रुपमधल्या एका सहकाऱ्याने साक्ष दिली की अकरा वाजून बारा मिनिटांनी याचा ‘पोचतोय’ असा मेसेज आला होता. त्या एका शब्दाने दावा फिरला.

पण अकरा वाजून बारा मिनिटांनी मेसेज आला आणि अपघात किती वाजता झाला? फिर्यादीत लिहिलेले असते ‘साडेअकराच्या सुमारास’. या ‘सुमारास’ने मी जिंकत आलेले दावे अडकलेले पाहिले आहेत. फोनचा पुरावा सेकंदात बोलतो आणि पोलिसांचा कागद अर्ध्या तासात. दोन्हींची गाठ बसली नाही तर समोरचा वकील म्हणणार, मेसेज अपघाताच्या आधी वीस मिनिटे होता, गाडी तेव्हा उभी होती. म्हणून अपघाताची नेमकी वेळ पक्की करणारा कागद शोधा. १०८ ला पहिला फोन किती वाजता गेला? ११२ ला गेला का? ज्याने तुम्हाला कळवले त्याच्या फोनमध्ये कॉलची वेळ आहे. कार टोलनाका ओलांडून आली असेल तर फास्टॅगची नोंद आहे आणि नाक्यापासून त्या गतिरोधकापर्यंतचे अंतर मोजता येते. रुग्णालयाच्या केसपेपरवरची वेळ आहे. या सगळ्यांतून पाच मिनिटांच्या आतली वेळ काढता येते. हे काम वकील करणार नाही, पोलीस करणार नाहीत, ते घरच्यांनीच करायचे असते.

कॉलचा तपशील दूरसंचार कंपन्यांना किमान दोन वर्षे जपावा लागतो. डिसेंबर २०२१ पूर्वी एकच वर्ष होते. ऐकायला हा काळ मोठा वाटतो, पण दाव्याचे कामकाज पुराव्यापर्यंत यायलाच कधी कधी तेवढा वेळ जातो. म्हणून दावा दाखल करतानाच, पहिल्याच अर्जात, न्यायाधिकरणाला कंपनीकडून तो मागवायला सांगा. आणि जे काही इलेक्ट्रॉनिक मिळेल, ढाब्याच्या सीसीटीव्हीपासून मेसेजच्या स्क्रीनशॉटपर्यंत, त्याच्यासोबत प्रमाणपत्र हवे. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब खाली लागे, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली लागते. हे प्रमाणपत्र टाळता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ज्या निकालात ठामपणे सांगितले, तो आपल्या जालन्याच्या निवडणुकीचा आहे, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. गंमत नाही, तिथेही वाद मिनिटांचाच होता, उमेदवारी अर्ज वेळेच्या आत आला की नंतर, आणि पुरावा व्हिडिओचा होता. ढाब्याच्या मालकाकडून पेनड्राइव्हवर चित्रण घेऊन आलात आणि प्रमाणपत्र आणले नाही, तर दोन वर्षांनी तो माणूस धंदा बंद करून गेलेला असतो. मी हे सोसले आहे.

पोलिसांकडून आणखी एक अपेक्षा कायदा करतो. २०२२ पासूनच्या नियमांनुसार अपघाताचा पहिला अहवाल अठ्ठेचाळीस तासांत आणि सविस्तर अहवाल नव्वद दिवसांत दावा न्यायाधिकरणाकडे जायला हवा. तुमचे नव्वद दिवस अजून बाकी आहेत. सविस्तर अहवालात अपघाताचे कारण म्हणून ‘मोबाइलचा वापर’ लिहिले जाते की नुसते ‘निष्काळजीपणा’, यावर पुढे बरेच ठरते. तुमच्या पहिल्या अर्जात ही मागणीही घाला.

‘मोबाइल’ या एका शब्दाबद्दल माझ्या मनात किती वर्षांची खंत आहे, ती सांगतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२१ च्या अहवालात देशभरात ४,१२,४३२ अपघात आणि १,५३,९७२ मृत्यू नोंदले आहेत. त्यांत मोबाइलच्या वापरामुळे झालेले अपघात किती? १,९९७. मृत्यू १,०४०. म्हणजे दोनशे अपघातांत जेमतेम एक. कुठल्याही चौकात पाच मिनिटे उभे राहा आणि सांगा, या आकड्यावर विश्वास बसतो का. माझा बसत नाही. आकडा कमी आहे तो फोन न तपासल्यामुळे. पंचनाम्यात फोनचा रकाना कुणी भरत नाही, म्हणून कारण दिसत नाही, म्हणून ते किरकोळ समजले जाते, म्हणून पुढच्या पंचनाम्यातही कुणी फोन मागत नाही. तुमचा एक अर्ज या साखळीतली एक कडी तोडतो.

विमा कंपनीचा माणूस इयरफोनबद्दल का विचारून गेला, तेही समजून घ्या. तुमच्या भावाचा स्वतःचा हलगर्जीपणा दाखवता आला तर भरपाई त्या प्रमाणात कापली जाते. समजा तीस टक्के दोष त्याचा ठरला तर तीस टक्के रक्कम गेली. भाऊही त्या वेळी हातात फोन धरून बोलत असता तर मी तुम्हाला खोटा धीर दिला नसता, कपात झाली असती. पण केवळ कानात इयरफोन होते, एवढ्यावरून दोष ठरत नाही. कलम १८४ हातातल्या साधनाचे आहे. आणि मागून धडकलेल्या गाडीच्या बाबतीत पुढच्या माणसाला ऐकू आले असते तर काय फरक पडला असता, हे कंपनीला दाखवावे लागेल. सिद्ध करण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर आहे. तरी भावाने कंपनीच्या माणसासमोर कुठल्याही कागदावर सही करू नये. केली असेल तर मला आत्ताच सांगा, लपवू नका. आणि भावाचा फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. त्या वेळी त्याचा फोन शांत होता हे त्याच फोनवरून दाखवता येईल.

फौजदारी खटला सुटला तर दावाही बुडेल, ही भीतीही तुमच्या पत्रात दिसली. तसे नाही. फौजदारीत संशयापलीकडे सिद्ध करावे लागते. दावा न्यायाधिकरणासमोर कोणती बाजू अधिक संभवनीय आहे एवढेच पाहिले जाते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या बिमला देवी प्रकरणात स्पष्ट केले आहे. मागून धडक, गतिरोधक, चार साक्षीदार, चलान, आणि जमले तर मेसेजची वेळ. एवढ्यावर दावा चांगला उभा राहतो. गुन्ह्याच्या तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत तुम्हाला कळवणे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ खाली पोलिसांचे काम आहे, तेही हक्काने विचारा.

कारवाल्याची आई म्हणे तुमच्या वडिलांना ‘एवढ्याशा मेसेजसाठी माझ्या पोराच्या नोकरीचं वाटोळं करू नका’ असे सांगून गेली. माणूस म्हणून मला त्या आईचे वाईट वाटते. पण मेसेज एवढासा नसतो. ताशी साठच्या वेगाने गाडी सेकंदाला सतरा मीटर जाते. चार सेकंद नजर खाली गेली की सदुसष्ट मीटर रस्ता कुणीही न बघता पार होतो, आणि त्या सदुसष्ट मीटरमध्ये तुमचा भाऊ होता. कारवाल्याला तडजोड करायचीच असेल तर ती कोर्टासमोर, लेखी, भावाच्या उपचाराचा आणि बुडालेल्या कमाईचा हिशेब मांडून होऊ शकते. ओट्यावर बसून शब्दांवर करू नका.

दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करायचा, असे एप्रिल २०२२ पासून कायद्यात आहे. शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका. तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही तो दाखल होतो, अपघात झाला तिथेच जावे लागत नाही. येताना फिर्यादीची आणि पंचनाम्याची नक्कल, रुग्णालयाचे सगळे कागद आणि बिले, औषधांच्या साध्या पावत्यासुद्धा, भावाचे लायसन्स, मोटारसायकलची आरसी आणि विमा, मागच्या तीन वर्षांच्या कमाईचा जो काही पुरावा असेल तो, आणि १०८ ला फोन करणाऱ्या माणसाचे नाव घेऊन या. अपंगत्वाचा दाखला आत्ता काढू नका. रॉड बसून हाड जुळल्यावर, डॉक्टर सांगतील तेव्हा, जिल्हा रुग्णालयातून काढा. घाईत काढलेल्या दाखल्यात टक्केवारी बदलत राहते आणि उलटतपासणीत तीच आपल्यावर उलटते.